आई, तो फोटो बघून घाबरू नकोस

प्रिय आई,

फोनवर तू एवढी चिडलीस की मला तोंडच उघडू दिलं नाहीस, म्हणून हे लिहितेय. बाबांना वाचून दाखव, काकूलाही दाखव, नाहीतर ती फॅमिली ग्रुपवर अर्धवट काहीतरी टाकेल. पहिली गोष्ट, मी रात्री गेले नव्हते. दुपारी अडीचला गेले, छान ऊन होतं, बरोबर कीर्ती आणि तिचा नवरा होता, आणि सर्वपित्री दुसऱ्या दिवशी होती, त्या दिवशी नाही. तुम्ही पुण्याहून खास आजोबांच्या पक्षासाठी ग्वाल्हेरला गेलात आणि मुलगी इकडे अमेरिकेत भुताच्या हॉस्पिटलसमोर सेल्फी काढतेय, हे तुला कसं वाटलं असेल ते कळतंय मला, पण ऐक तरी.

वेस्ट व्हर्जिनियात वेस्टन म्हणून एक छोटं गाव आहे, पिट्सबर्गहून गाडीने दोनेक तास. तिथे ट्रान्स-अलेघेनी लुनॅटिक असायलम आहे, म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, पूर्वी असंच सरळ नाव ठेवायचे. १८६४ साली चालू झालं ते थेट १९९४ पर्यंत. मग रिकामं पडलं, आणि २००७ मध्ये एका माणसाने लिलावात पंधरा लाख डॉलरला घेतलं, आता तिकीट लावून दाखवतात. दिवसा इतिहासाची टूर, रात्री भुतांची. आम्ही दिवसाची घेतली, कारण रात्रीची महाग आहे आणि कीर्तीला अंधाराची भीती वाटते (नागपूरची असून!).

बाहेरून बघितलं तर वेड्यांचं इस्पितळ वाटतच नाही, एखाद्या संस्थानिकाचा राजवाडा वाटतो. सगळा घडीव दगड, मधोमध घड्याळाचा मनोरा, आणि लांबी जवळपास पाव मैल. किर्कब्राइड नावाचे एक डॉक्टर होते, त्यांचं म्हणणं असं की वेड लागलेल्या माणसाला उजेड, वारा आणि मोकळी जागा मिळाली तर तो बरा होतो, म्हणून सगळ्या विंग थोड्या थोड्या मागे सरकवून बांधल्यात, म्हणजे कुणाचंच ऊन अडत नाही. किती चांगला विचार ना? पण बांधलं २५० माणसांसाठी आणि १९५० नंतर तिथे २,४०० च्या वर माणसं कोंबलेली. कसला उजेड नि कसला वारा.

आत गेल्यावर भिंतींच्या रंगाचे पोपडे सुटून खाली लोंबतायत, जमिनीवर त्यांचा चुरा, बुटाखाली कुरकुर वाजतो, शेव सांडल्यावर वाजते ना तसा. एका खोलीत खेळणी मांडलीयेत. लिली नावाच्या लहान मुलीचं भूत आहे म्हणे, लोक तिच्यासाठी चॉकलेटं ठेवून जातात. कीर्तीच्या नवऱ्याने बॉल ढकलला तर तो खरंच परत आला, सगळे किंचाळले, मी खाली बसून बघितलं, जमीन उतरती आहे.

भीती मला वेगळ्याच ठिकाणी वाटली. वॉल्टर फ्रीमन म्हणून एक डॉक्टर १९५२ साली या राज्यातल्या सरकारी इस्पितळांतून फिरला आणि दोन आठवड्यांच्या आत दोनशेवर लोकांची लोबोटॉमी केली. म्हणजे डोळ्याच्या वरून, बर्फ फोडायच्या टोच्यासारखं हत्यार हातोडीने ठोकून मेंदूत घालायचं आणि आतले धागे तोडायचे. कीर्ती बाहेर जाऊन बसली. इथे भूत कशाला पाहिजे वेगळं.

आणि एक यादी लावलीये, १८६४ ते १८८९ मध्ये लोकांना कशाकशासाठी आत टाकलं त्याची. लढाई, आळस, घरगुती कटकट, देवाधर्माचा अतिरेक, आणि कादंबऱ्या वाचणे! आपली आजी दुपारची भांडी तशीच ठेवून जिन्यात कादंबरी घेऊन बसायची, तिला तर पहिल्याच वर्षी अॅडमिट केलं असतं. कटकटीसाठी आत्याला. आळसाला मी आहेच.

हसत हसत वरच्या मजल्यावर गेले आणि तिथे एका दाराला बाहेरून कडी बघितली. आतून काहीच नाही. लोखंडी, जाड, मधोमध बोटांनी घासून गुळगुळीत झालेली. मी तिथेच उभी राहिले गं. कारण ग्वाल्हेरला दाणाओळीतल्या घरी माडीवरच्या खोलीला अशीच कडी आहे, आठवतंय? आम्हा पोरांना सांगितलेलं की वर भूत आहे, जिना चढायचा नाही, आणि आम्ही घाबरायचो कारण वर खरंच पावलं वाजायची. अण्णाकाका आजारी आहेत एवढंच कानावर यायचं, पण ते कुठे असतात हे कधी विचारलंच नाही. आजी संध्याकाळी ताट घेऊन वर जायची, आम्हाला वाटायचं नैवेद्य आहे. मी कॉलेजात गेल्यावर बाबांनी एकदा, तेही बाड्याच्या बाजारातून चालत येताना, एका वाक्यात सांगितलं आणि लगेच भाजीचा भाव विचारायला थांबले.

मी कुणाला दोष देत नाहीये. त्या काळात अण्णाकाकांना कुठे नेलं असतंत, आणि नेलं असतं तर काय झालं असतं, ते मी परवा डोळ्यांनी बघून आलेय, घरात होते हेच बरं, आजीच्या हातचं गरम तरी खात होते. पण काल सर्वपित्रीला त्यांच्या नावाने पान वाढलंत का? मी लहानपणापासून कधी त्यांचं नाव घेतलेलं ऐकलं नाही, म्हणून विचारतेय. बाबांना विचार, चिडले तर राहू दे.

आणि घर आवरताना सुतार ते माडीचं दार काढणार असेल तर कडी भंगारात देऊ नका, माझ्यासाठी ठेवा. थंडीत काकूचा भाऊ इकडे येणारच आहे, त्याच्याबरोबर पाठव, मुरैन्याच्या तिळाच्या गजकेच्या डब्यात घालून, म्हणजे गजकही येईल.

तुझी,
मनू