केसपेपरवर वजनाखाली खर्च लिहिणाऱ्या डॉक्टरसाहेबांना

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही रागवाल, आणि उद्यापासून फुकट सल्ल्याची रांग तुमच्या दारात लागेल. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. आम्हाला ज्यांनी हसण्यावारी नेलं, त्यांच्याही नजरेस हे पडावं अशी फार इच्छा आहे.

आमची मांजर ठकी अकरा वर्षांची. तिच्या किडन्या थकल्यात हे आता गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तुमच्याकडं येण्याआधी मात्र एवढं कळायलाच कपाटातले पैसे संपले होते. सुरुवातीला ती सारखी पाणी पीत होती आणि वाळत चालली होती. तेव्हा पहिल्यांदा ज्यांना दाखवलं ते म्हणाले, "मांजरच हाय ना? दुसरं आणा की, फुकट भेटतंय." बघितलंसुद्धा नाही धड. म्हशीवाले बाहेर थांबले होते, त्यांची घाई मला कळते. बोलण्याची तऱ्हा नाही कळत.

मग मोठ्या शहरातला मोठा दवाखाना. काचेचं दार, एसी, ठकीला 'बेबी' म्हणणारी पोरगी. दर वेळी फुल प्रोफाइल, दर वेळी सोनोग्राफी, दर वेळी बाहेरगावी जाणारं रक्त. रिपोर्टची पानंच्या पानं आणि बोलणं दोन वाक्यांचं. हे सगळं परत कशाला, असं विचारलं की उत्तर एकच, मॉनिटरिंग. या महिन्यात पैसे कमी आहेत म्हटल्यावर काउंटरवरून ऐकू आलं, "मग पाळायचं कशाला?"

एकाचं म्हणणं मांजरावर खर्चच कशाला, दुसऱ्याचं म्हणणं खर्च झेपत नाही तर मांजर कशाला. घरीही काही वेगळं नव्हतं. नणंदबाई म्हणाल्या, "कापसाला भाव न्हाई अन् ही मांजरीचं रक्त तपासायली." शेजारच्या काकूंनी हळदीचं दूध सुचवलं. वसमतला हळदीचा एवढा मोठा बाजार, तेव्हा कुठल्याही दुखण्यावर आधी हळदच निघणार. त्यांच्यावर राग नाही. निदान त्या रोज येऊन ठकीला बघून तरी जायच्या.

तुमच्याकडं आले ती जुन्या रिपोर्टांची पिशवी घेऊन. तुम्ही आधी ती सगळी वाचलीत. मग केसपेपर घेतलात, ठकीला काट्यावर ठेवून वजन लिहिलंत, ३.१ किलो. आणि पेन तसंच कागदावर ठेवून विचारलंत, "ताई, हिच्यासाठी महिन्याला किती जमतं? लाजू नका. खरा आकडा सांगा."

मी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. लगीनसराईत हातात पैसा असतो, आषाढात मशीनवर धूळ. चाचरत हजार म्हणाले. तुमची भुवई हलली नाही. प्राणीप्रेमावर भाषण नाही, 'बघू, सांभाळून घेऊ' नाही. वजनाच्या खालच्या ओळीत लिहिलंत, 'महिना रु. १०००'. त्याच्या खाली 'क्रिएटिनिन ३.४', म्हणजे किडनी किती थकली ते सांगणारा रक्तातला आकडा. तिन्ही ओळी सारख्याच अक्षरात.

साहेब, हे पत्र त्या मधल्या ओळीसाठी आहे. तोवर माझी ऐपत म्हणजे प्रत्येक काउंटरवर माझी लाज होती. कुणी ती वरून खाली बघून ओळखली, कुणी तिच्यावरून टोमणा मारला. तुम्ही ती ठकीच्या वजनासारखी मोजून कागदावर घेतलीत आणि पुढचं सगळं तिला धरून ठरवलंत. घरी आल्यावर मी तो केसपेपर नवऱ्याला दाखवला. ते बराच वेळ त्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "हे डॉक्टर हिशोबी हायेत." आमच्याकडं यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नसतं.

त्यानंतर तुम्ही जुनी यादी घेऊन एकेका तपासणीवर बोट ठेवलंत. दर वेळी एकच प्रश्न: हा आकडा वर-खाली झाला तर आपण औषध बदलणार आहोत का? फॉस्फरस राहिला, कारण तो वाढला तर खाण्यातून द्यायचं औषध आहे. पोटॅशियम, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन राहिलं, तेही तब्येत स्थिर असेपर्यंत तीन महिन्यांनी. बाहेरगावी जाणारी एसडीएमए, ही किडनीचीच आणखी एक रक्ततपासणी, तूर्त गेली. "ती दुखणं लवकर पकडायला चांगली. आपल्याला तर दुखणं कळलेलंच आहे, तिसरी पायरी आहे. पुढं ही फार वाळली तर क्रिएटिनिन खोटं कमी दिसेल, कारण ते अंगातल्या मांसातून येतं. तेव्हा करू." सोनोग्राफीपुढं तारीख टाकली नाहीत. लिहिलंत, 'लगीनसराईनंतर'. मी हसले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "हसू नका, हेच माझं अपॉइंटमेंटचं पुस्तक."

कापाकापी सगळीकडं केली नाहीत, हेही सांगते. बीपी सोडू दिलं नाहीत. किडनीच्या मांजराचं बीपी वाढलं तर एका रात्रीत डोळे जाऊ शकतात, हे आम्हाला पहिल्यांदा तुमच्याकडं कळलं. त्या एसीवाल्या दवाखान्यात एवढी बिलं झाली, पण तिच्या पायाला बीपीचा पट्टा काही कुणी बांधला नव्हता.

आणि लघवीचा तो एक थेंब! घनता मोजायच्या यंत्राच्या काचेवर टाकलात, उजेडाकडं धरून बघितलंत. धडधाकट मांजराच्या लघवीची घनता बहुतेक वेळा १.०३५ च्या वर असते, ठकीची १.०१२. किडनीचं जवळजवळ तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन वाढत नाही, लघवी बहुतेकदा त्याच्या आधीच पातळ व्हायला लागते, असं तुम्ही सांगितलंत. ते ऐकून त्या 'दुसरं आणा की' वाल्यांची फार आठवण झाली. ठकी नुसती पाणी पीत होती तेव्हाच हा थेंब कुणी बघितला असता तर? त्याला ना एसी लागतो ना कुरिअर.

ठकी बरी होणार नाही हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. तरी दर रविवारी किराणा दुकानातल्या काट्यावर तिचं वजन करतो, तुमच्या वहीत लिहितो. दुकानदार आधी वैतागायचा, आता तोच विचारतो, आज किती भरली म्हणून. टोपली पायाशी ठेवू देणारा एसटीचा कंडक्टर, गोळ्यांची अख्खी पट्टी न घ्यायला लावता चारच कापून देणारा मेडिकलवाला, माणसांच्या लॅबमध्ये नाक न मुरडता मांजराचं रक्त घेणारा तो पोरगा, अशी माणसं आपल्या भागात आहेत आणि बरीच आहेत. आपल्याकडं चांगला डॉक्टर म्हणजे फुकट बघणारा, अशी समजूत आहे. मला ती पटत नाही. फुकटातला उपकार पुढच्या वेळी दारात उभं राहायला संकोच आणतो. तुम्ही पैसे घेता, आधी सांगून घेता, म्हणून मी ताठ मानेनं येते.

आता त्याबद्दलच थोडी तक्रार. मागच्या वेळी बीपीचे पैसे बिलात धरले नव्हते. विसरलात असं तुम्ही म्हणाल, पण तुमची कंपाउंडर ताई गालात हसत होती. या वेळी दोन्ही वेळचे धरा आणि सोनोग्राफीही करून टाकू. लगीनसराई चांगली गेलीय.

आपली,
ठकीच्या घरची, वसमत