कणकुंबीच्या वाटेवर भेटलेल्या माणसांना

धुळवडीनंतरच्या शनिवारी आम्ही पाच मित्र बेळगावहून चोर्ल्याला निघालो होतो. जुन्या व्हॅनच्या मागच्या सीटा काढून गाद्या, शेगडी, पाण्याचे कॅन असा संसार मांडलेला. जांबोटी सोडली, पळस बघत मजेत चाललो होतो आणि फॅनबेल्ट तुटला. त्याच बेल्टवर पाण्याचा पंप फिरतो, त्यामुळं इंजिनच्या तापमानाचा काटा सरळ लाल रेघेवर. मोबाईलला रेंज नाही.

दुधाचा टेम्पोवाला थांबला. मी रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो तर त्यानं हात धरला, "भाजून घेतोस काय ओ?" अर्धा तास थंड होऊ दिलं नसतं तर आज हे लिहायला माझा हात धड नसता. तोच आमच्यातल्या एकाला मेस्त्री शोधायला खानापूरला घेऊन गेला.

तोवर शेजारच्या घरातल्या आज्जींनी चहा दिला, मग भाकरी आणि काजूची उसळ. आमची शेगडी, आमचा तांदूळ, सगळं तसंच राहिलं. (खरं सांगायचं तर आमच्यातल्या कुणालाच नीट भात येत नाही.)

संध्याकाळी आलेल्या मेस्त्रीनं बेल्ट बसवला, फक्त बेल्टचे पैसे घेतले. मजुरी पुढं केली तर "दुड्डू बेडा" (कानडीत, पैसे नकोत) म्हणून बाईकला किक मारली.

नावं विचारायची राहूनच गेली. कणकुंबीला, मलप्रभा नदीच्या उगमाशी दुसऱ्या दिवशी पोचलो ते तुम्हा तिघांमुळं. मनापासून आभार. आज्जी, तुमचा स्टीलचा डबा आमच्याकडंच आलाय, पाडव्याच्या आत घेऊन येतो.