ग्रहांच्या फोटोसाठी कासला कशाला?

संपादक महोदय,

दुर्बिणीतून चंद्र-ग्रहांचे फोटो काढायला कास पठाराचा अंधार लागत नाही; साताऱ्यातले अंगणही पुरते. गच्ची मात्र टाळा, तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो आणि गुरूचे पट्टे थरथरतात. स्वस्त वेबकॅमची लेन्स काढून सव्वा इंची नळी बसवा, तो दुर्बिणीच्या आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) जागी लावा. लेन्सबरोबर अवरक्त किरण अडवणारी काचही बहुधा निघते. तसा फिल्टर नसेल तर रंग बिघडतात, कडा पसरतात. ऑटो एक्स्पोजर बंद ठेवा, नाहीतर काळ्या आकाशामुळे ग्रहाचा पांढरा ठिपका होतो. गुरू 10 तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून व्हिडिओ दीड मिनिटाचाच घ्या. ऑटोस्टॅकर्ट हे मोफत सॉफ्टवेअर त्यातल्या उत्तम फ्रेम निवडून एकत्र करते. चंद्र मात्र अष्टमीचाच टिपा. पौर्णिमेला विवरांच्या सावल्याच नसतात.

– एक आकाशनिरीक्षक, सातारा