पाण्यातली मोटर उघडते, ग्लुकोमीटर का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमळनेरात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी मिक्सर नि रेडिओ यायचे. करोनापासून बीपीची मशीनं, ऑक्सिमीटर, नेब्युलायझरही येतात. परवा एक आजी रुमालात बांधून ग्लुकोमीटर, म्हणजे रक्तातली साखर मोजायचं मशीन, घेऊन आल्या. "भाऊ, हाई मशीन बंद पडी गयं." बिघाड किरकोळ, सेलची पत्री गंजलेली. पण ती नीट करायला आत शिरावं लागतं, आणि कव्हरला एकही स्क्रू नाही. दोन्ही भाग कारखान्यातच चिकटवलेले. पातं घातलं तर कव्हर तडकलं, सोबत डिस्प्लेही गेला. आजींना नवीन घ्यावं लागलं. मला पैसे घ्यायची लाज वाटली.

जे माझ्याकडून उघडत नाही ते भंगारवाला काय उघडणार? तो हातोडा घालतो, वायर जाळून तांबं काढतो, उरलेलं उकिरड्यावर, लिथियमच्या सेलसकट. सराफ बाजारातली धूळ धुऊन झारेकरी सोन्याचे कण काढतात आणि आपण सर्किट बोर्डावरचं सोनं फेकतो.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वैद्यकीय उपकरणंही आहेत. शरीरात बसवलेली आणि संसर्ग लागलेली तेवढी वगळली आहेत. आयुष्य संपलेल्या मालापैकी ठरावीक हिश्शाचं पुनर्चक्रण उत्पादकाने करून घ्यायचं. २०२७-२८ पासून हा हिस्सा ८० टक्के. वस्तू पुनर्चक्रण होईल अशीच बनवावी, असंही त्यात आहे. मग ही डिंकाची डबी पास कशी होते?

पाणी आत जाऊ नये, पुसता यावं म्हणून चिकटवतो, असं सांगतात. पण आमच्याकडे केळीच्या बागेला पाणी देणारी सबमर्सिबल मोटर वर्षानुवर्षं बोअरमध्ये बुडून चालते, तीही नट-बोल्टनेच बंद केलेली असते. जळली की उघडून रिवाइंडिंग होतं. रबरी रिंग आणि चार स्क्रू एवढंच तर हवं.

शिवाय ग्लुकोमीटरच्या पट्ट्या माणूस महिन्याच्या महिन्याला त्याच मेडिकलमधून नेतो. बंद पडलेलं मशीनही तिथेच परत घेण्याची सोय कंपनीने करावी. टोचायच्या सुया मात्र त्यात टाकू नका, त्यांचा डबा वेगळा.

आजींचं मशीन माझ्याकडे तेलाच्या रिकाम्या डब्यात पडलंय, आणखी सोळा-सतरा मशीनांसोबत. भंगारवाला दर आठवड्याला विचारून जातो.

आपला,
एक दुरुस्तीवाला, अमळनेर