आई-बाबा, मी नोकरी बदलली आहे

अटलांटा

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा इथल्या हवेची चौकशी करू लागतात, म्हणून सगळे एकदाच सविस्तर लिहीत आहे. बँकेतल्या नोकरीचा मी राजीनामा दिला असून पुढच्या महिन्यापासून येथल्या एका लहान संस्थेत रुजू होणार आहे. कृष्णवर्णीय समाजातले जे समलिंगी आणि ट्रान्स कार्यकर्ते आपापल्या वस्त्यांत काम करतात त्यांना, आणि माझ्यासारख्या गोऱ्या नसलेल्या इतर क्विअर (म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे) नोकरदारांनाही, नेतृत्वाचे आणि संस्था चालवण्याचे प्रशिक्षण देणे हे या संस्थेचे काम. माझ्याकडे हिशेब, अंदाजपत्रक आणि अनुदानाचे अर्ज हा भाग राहील.

आधी काळजीचे मुद्दे मिटवते. पगार कमी होईल, पण आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून लागू आहे आणि ग्रीन कार्ड हाती आल्यानंतरच मी हा निर्णय घेतला आहे. घर तेच राहील, दिवाळीला मी येणार म्हणजे येणारच, आणि तुमच्या औषधांचे व कामाच्या मावशींचे पैसे दर महिन्याला येतात तसेच येत राहतील. आई, मी वेळेवर जेवते. इथे इंडियन स्टोअरमध्ये ज्वारीचे पीठसुद्धा मिळते; भाकरी तुझ्यासारखी पातळ होत नाही, पण फुगते.

बाबा, तुम्ही विचारलेत की त्या लोकांचा आणि आपला संबंध काय. दोन वर्षांपूर्वी तुम्ही ज्या विमानतळावर उतरलात, त्याचा बराचसा भाग क्लेटन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) येतो. समलिंगी असल्यावरून नोकरीतून काढलेल्या एका कर्मचाऱ्याचा त्याच काउंटीविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि केवळ अशा कारणासाठी कोणालाही कामावरून काढता येणार नाही, असा निकाल जून २०२० मध्ये लागला. निकालाला आधार मिळाला तो १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा, आणि तो कायदा कृष्णवर्णीयांनी रस्त्यावर उतरून मिळवलेला आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २८ ऑगस्ट १९६३ रोजी, वॉशिंग्टनला सुमारे अडीच लाख माणसे जमली होती. त्या मोर्चाच्या बसगाड्या, पिण्याचे पाणी, शौचालये, स्वयंसेवक ही सारी व्यवस्था बेयार्ड रस्टिन यांनी जेमतेम दोन महिन्यांत उभी केली. गांधीजी गेले त्याच वर्षी, १९४८ साली, सत्याग्रहाची पद्धत समजून घ्यायला रस्टिन भारतात आले होते. ते समलिंगी आहेत याचा विरोधक गैरफायदा घेतील या भीतीने मोर्चाचे संचालकपद ज्येष्ठ कृष्णवर्णीय कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी स्वतःकडे घेतले आणि रस्टिन उपसंचालक राहिले. देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मिळाला तो २०१३ मध्ये, मृत्यूनंतर २६ वर्षांनी. आज ऑफिसात मी माझी ओळख न लपवता बसू शकते, ती या माणसांच्या कष्टांवर. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे मला तुम्हीच शिकवलेत. नाते तेव्हापासूनचे आहे, बाबा. मी नवे काही जोडलेले नाही.

आता प्रशिक्षणात असते काय, ते सांगते, कारण नुसती भाषणे असतील असे तुम्हाला वाटत असणार. या देशात एचआयव्हीचे नवे निदान झालेल्या दर दहा जणांतले जवळजवळ चार कृष्णवर्णीय असतात, आणि दक्षिणेकडच्या राज्यांवर हा भार विशेष आहे. गेल्या वर्षी मी स्वयंसेवक म्हणून जात होते तेव्हा वर्गात तपासणीची गाडी चालवणारा एक कार्यकर्ता आला होता. रात्री-अपरात्री वस्तीत जाऊन घाबरलेल्या पोरांना धीर देणारा हा माणूस पेट्रोलच्या पावत्या बुटांच्या खोक्यात कोंबून घेऊन आला आणि खोके टेबलावर ठेवताना त्याची मान खाली गेली. आम्ही त्या पावत्या महिन्यांप्रमाणे लावल्या. धर्मादाय संस्थेने आपले वार्षिक विवरणपत्र सलग तीन वर्षे भरले नाही तर करसवलत आपोआप रद्द होते, हे त्याला तोवर कोणीच सांगितले नव्हते. धैर्य या लोकांना कोणी शिकवायला नको. पण अनुदानाचा करार कसा वाचावा, विश्वस्त मंडळाला प्रश्न कसे विचारू द्यावेत, विधिमंडळाच्या समितीपुढे दोन मिनिटांत मुद्दा कसा मांडावा, आपल्यामागे काम सांभाळणारी दुसरी फळी कशी तयार करावी, हे शिकायला सवड आणि पैसा लागतो, आणि तोच त्यांच्या वाट्याला कमी येतो. संस्था एकट्या माणसाच्या खांद्यावर चालते आणि तो माणूस थकला की बंद पडते. नोकरदारांच्या वर्गात पगाराची बोलणी, बढतीसाठी पाठीशी उभे राहणारे वरिष्ठ मिळवणे, असे विषय असतात. त्यातले पुष्कळसे मलाही उपयोगी पडले.

आई, लहानपणी मला ताप आला की तू कपाळावर हात ठेवून नुसती बसायचीस, काही विचारायची नाहीस. या वेळीही तेवढेच कर. तुला समजावून घ्यायला किती जड गेले असेल ते मी जाणते, आणि तरीही तू मला कधी परके केले नाहीस. नातेवाइकांनी विचारले तर मुलगी एका सामाजिक संस्थेत हिशेबाचे काम पाहते, एवढे सांगितलेस तरी चालेल. ते खरेच आहे, आणि त्यापुढचे कधी सांगायचे ते तुझे तू ठरव.

मात्र पुढचे ऐकायचेच. बाबांनी तीन महिन्यांची साखर या आठवड्यात तपासून घ्यावी आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ पुन्हा पुढे ढकलू नये. आईने माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचे नाही, मावशींना सांगायचे. गुडघ्याचे व्यायाम रोज, चतुर्थीलासुद्धा.

आणि बाबा, एक काम तुमच्याकडे आहे. पतसंस्थेत नव्या कारकुनांना तुम्ही कीर्द आणि खतावणी शिकवायचात, ती कोणत्या क्रमाने, ते मला लिहून पाठवा. माझी पहिली तुकडी जानेवारीत बसते आहे आणि त्यातल्या बहुतेकांनी आजवर ताळेबंद पाहिलेला नाही. रविवारी फोन करते, तेव्हा वही जवळ ठेवा.

तुमची,
चिमी