काटा अजून टायरमध्येच आहे

चि. ओंकार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू इतकंच म्हणालास की परवा पंक्चर काढलं आणि आज सकाळी पार्किंगमध्ये मागचं चाक परत बसलेलं. पुढे मोटरसायकलला चार शिव्या घातल्यास आणि लाईन कट झाली. टायर कसा काढायचा ते फोनवर सांगता येत नाही, म्हणून लिहून पाठवते. रविवारी सावकाश कर. पुन्हा दुकानात नेऊ नकोस.

गाडीचा काही दोष नाही. पानशेतकडच्या कच्च्या वाटांवर जातोस ना, तिथला बाभळीचा काटा आहे हा. काटा टायरमध्ये शिरतो, बाहेरचा भाग दगडावर घासून मोडतो आणि टोक रबरात रुतून राहतं. बाहेरून हात फिरवला तर लागत नाही. वजन पडलं की आतून ट्यूबला टोचत राहतं. दुकानदाराने ठिगळ व्यवस्थित लावलं असेल, पण टायर आतून चाचपला नसणार. संध्याकाळच्या गर्दीत राहून जातं तसं.

तुझ्या एक्सपल्सला मेन स्टँड नाही. इंजिनखालच्या पत्र्याला भक्कम लाकडी खोक्याचा किंवा ठोकळ्यांचा आधार दे, म्हणजे मागचं चाक अधांतरी होईल. पण एक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचा, नट त्याआधीच, चाक जमिनीवर असताना, ढिला कर. गाडी वर घेऊन पान्याला हिसके दिलेस तर गाडी अंगावर येईल. नट काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे फोटो घे. कुठला बुश (एक्सलवरची छोटी नळी) कुठल्या बाजूचा हे बसवताना हमखास विसरतं. चेन ताणायच्या ॲडजस्टरला हात लावू नकोस. एक्सल बाहेर आला की चाक पुढे ढकल, चेन सैल होईल, ती स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातेरी चकतीवरून, उतरव. ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडनी धरणारा भाग) सुटला की पॅडच्या मधे पुठ्ठ्याचा तुकडा सरकव आणि ब्रेकच्या पेडलवर चुकूनही पाय देऊ नकोस. डिस्क मधे नसताना पेडल दाबलं तर पॅड एकमेकांना चिकटतात, मग ते मागे सारता सारता नाकी नऊ येतात.

आता टायर. चाक फरशीवर आडवं टाकू नकोस, डिस्क वाकेल. खाली एखादा जुना टायर घाल, गॅरेजवाले सहज देतात. व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूने खूण कर, तिचं काम पुढे आहे. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ दे, व्हॉल्व्हचा नट काढ आणि टायरची कड रिमपासून सुटेपर्यंत टाचेने गोल फिरत दाबत जा. दोन्ही बाजूंनी.

इथून पुढचं नीट वाच. टायरच्या कडेत पोलादी तार असते. ती ताणली जात नाही, तू कितीही जोर लाव. रिम आतून पाहिलास तर मधोमध एक खोलगट भाग दिसेल, तो याचसाठी आहे. कड एका बाजूला त्या खोलग्यात उतरली की बरोबर समोरच्या बाजूला तेवढीच ढील मिळते, आणि त्या ढिलीवर टायर निघतो किंवा चढतो. आमच्या मोटर मेकॅनिकच्या वर्गात दरवर्षी दोन-चार दणकट पोरं लिव्हरवर, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीवर, उभी राहतात. मी त्यांना थांबवते, समोरच्या बाजूला गुडघा ठेवायला लावते, आणि तोच टायर पहिल्या वर्षाची सडपातळ मुलगी एका हाताने काढून दाखवते. जोर लागतोय असं वाटलं की थांब. समोरची कड खोलग्यातून वर आलेली असते, दुसरं काही नसतं.

म्हणून सुरुवात व्हॉल्व्हपासून कर, म्हणजे समोरची बाजू खोलग्यात उतरायला मोकळी राहते. साबणाचं पाणी सढळ हाताने लाव. लिव्हर तीन हवेत, टोकं गोल घासलेली. स्क्रूड्रायव्हर वापरू नकोस, सांगून ठेवते. घास लहान घ्यायचा, पुढची लिव्हर आधीच्या लिव्हरच्या दोन-तीन बोटं पुढे. एक बाजू निघाली की ट्यूब ओढून काढ, पूर्ण टायर उतरवायची गरज नाही.

ट्यूबमध्ये हवा भरून बादलीत बुडव. बुडबुडे येतील ती जागा व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते बघ आणि खडूच्या खुणेवरून टायरवर तीच जागा शोध. ट्यूब उलटसुलट धरली जाऊ शकते, म्हणून खुणेच्या दोन्ही बाजूंना पाहा. आत थेट बोटं फिरवू नकोस, रक्त काढेल. कापसाचा बोळा घे आणि संपूर्ण टायर आतून हळूहळू पुसत जा. टोक असेल तिथे कापसाचा धागा अडकेल. बाभळीचं टोक कधीकधी तांदळाच्या कणीएवढंच असतं, काळ्या रबरात दिसतही नाही. पकडीने ओढ, आतून नाही निघालं तर बाहेरून दाभणाने ढकल. एक सापडलं म्हणून थांबू नकोस, पूर्ण फेरी कर.

भोकं दोन आणि शेजारी-शेजारी असतील तर मात्र प्रकरण वेगळं. ट्यूब दगड आणि रिमच्या मधे चिमटली असं समज, म्हणजे हवा कमी ठेवली होतीस. तुझा तो मित्र म्हणतो की मोटोक्रॉसच्या शर्यतीवाले टायरमध्ये फक्त 12 ते 15 पीएसआय हवेवर चालवतात. चालवतात, पण मऊ मातीच्या ट्रॅकवर, आणि तीच गाडी घेऊन सिंहगड रोडने घरी येत नाहीत. डाकारच्या वाळवंटी शर्यतीतल्या गाड्यांत तर ट्यूबच नसते, फोमचा मूस असतो. त्यांची उदाहरणं मला देऊ नकोस. गाडीच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढी हवा ठेव, कच्च्या वाटेवर थोडी कमी केलीस तर परत येताना भर.

मागच्या चाकाला आता नवी ट्यूब टाक, 18 इंची. जुनीला ठिगळ लावून ती सोबत बाळग. ठिगळ लावताना जागा पॉलिश पेपरने घास, सोल्यूशन पातळ पसर आणि बोट चिकटेनासं होईपर्यंत थांब. ओल्यावर चिकटवलेलं सुटतं. लांब जाणार असशील तर पुढच्या चाकाची 21 इंची ट्यूबसुद्धा घे. अडीअडचणीला ती मागच्या 18 इंची चाकात जाते, मागची पुढे जात नाही.

चढवताना नव्या ट्यूबमध्ये जराशी हवा भर, गोल आकार येईल इतकीच, आणि टाल्कम पावडर लाव. रिमची पट्टी आऱ्यांच्या टोकांवर नीट बसली आहे ना ते पाहा. व्हॉल्व्ह भोकातून काढून नट दोनच आटे फिरव. कड व्हॉल्व्हच्या समोरून बसवायला सुरुवात कर आणि शेवट व्हॉल्व्हपाशी कर. नवी ट्यूब जास्त करून याच शेवटच्या वीतभर जागेत लिव्हरखाली सापडून फाटते. म्हणून गुडघे समोरच्या कडेवर, लिव्हर उथळ, आणि प्रत्येक वेळी टोकाखाली ट्यूब नाही ना याची खात्री. कड बसली की व्हॉल्व्ह आत दाबून सोड, म्हणजे तिथली ट्यूब कडेखाली अडकली असेल तर सुटेल.

हवा भर, सगळी सोड, परत भर. ट्यूबच्या घड्या निघतात. टायरवर रिमच्या कडेने एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. नसेल तर साबण लावून पुन्हा. व्हॉल्व्हचा नट रिमला आवळू नकोस, टोपीच्या बाजूला वर ठेव. टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका दिसेल आणि तुला वेळेत कळेल.

चाक चढवताना फोटो समोर ठेव. एक्सल पुसून हलकं ग्रीस लाव, चेनची ढील तपास, नट नीट आवळ. आणि गाडी हातभरही पुढे नेण्याआधी ब्रेकचं पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. पहिल्या एक-दोन दाबांना ते पोकळच जातं.

काटे किती निघाले ते कळव. बाबा विचारतायत, त्यांनी पैज लावली आहे. आणि ठिगळ लावून लावून संपलेली एखादी ट्यूब असेल तर दिवाळीला घेऊन ये, दोडक्याचा मांडव बांधायला पट्ट्या लागणार आहेत.

तुझी,
आई