आई, त्या शनिवारी तुझा खरंच उपास होता का?

करावे गाव, नेरूळ
आषाढ

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवर बोलायचं नव्हतं. बाबा दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" म्हणतात, आई स्पीकर लावते आणि मग शेजारच्या काकूही मत देतात. म्हणून पत्र.

बाबा, गेल्या दिवाळीत तुम्ही राजापूरहून एसटीच्या सीटखाली टोपलीत घालून आणलेली कोंबडी माघात खुडूक बसली. गल्लीतल्या आजींकडे कोंबडा आहे, त्यांच्याकडची नऊ अंडी खाली ठेवली. बरोब्बर एकविसाव्या दिवशी सात पिल्लं. दोन घारीने उचलली, एक मांजराने. उरली चार, आणि त्यातले तीन निघाले कोंबडे! आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो असं तुम्हीच सांगायचात. इथे दोघींमागे तीन. आईबाईच्या, म्हणजे त्या खुडूक कोंबडीच्या, पाठीवरची पिसं गेलीत, आणि हे तिघे सकाळ-संध्याकाळ एकमेकांचे तुरे रक्तबंबाळ करतात. पहिली बांग पावणेचारला. आमचं परसदार ते केवढं! शेतं-मिठागरं सिडकोत गेली, गावठाण तेवढं राहिलं, आणि त्यातही दोन्ही बाजूंना चार-चार मजले चढलेत. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू रात्रपाळी करून झोपायला येतात, त्यांनी आमच्या ह्यांना जिन्यात गाठून हात जोडले.

म्हणजे काहीतरी करायलाच हवं. सासूबाईंना यात विचार करण्यासारखं काही दिसतच नाही. "कापाचा नय त पालाचा कशाला?" इतकंच. गटारी पंधरा दिवसांवर आली आहे, त्यांनी मसाला कांडूनही ठेवला.

अडलं आहे ते तुमच्या नातीपाशी. तिने दोघांची नावं ठेवली आहेत, भुऱ्या आणि शंभू. तिसरा तिच्या पोटऱ्यांना चोच मारतो, म्हणून त्याला नाव नाही. मी आडून आडून विषय काढला तर म्हणाली, "ज्याला नाव नाही त्याला कापा." मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना दारातून ओरडून गेली, "आई, त्याचं नाव बंड्या ठेवलंय!"

चिकनच्या दुकानात देऊन टाकावे असं ह्यांचं म्हणणं. तिथे काय त्यांना पाळणार आहेत? कापणारच. आणि त्या पैशात आपण त्याच दुकानातून ब्रॉयलर आणणार. तो सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो, त्याने कधी माती उकरलेली नसते, आणि तो आपण दर रविवारी नाव न विचारता खातो. भुऱ्याने निदान पाच महिने ऊन खाल्लं, वाळवी वेचली, माझी कोथिंबीर उपटली. त्याला खाताना लाज वाटावी आणि त्या दुसऱ्याला खाताना वाटू नये, हे मला काही पटेना.

पटेना खरं, पण रात्री झोपही लागेना. तेव्हा काळी आठवली.

मी चौथीत होते. माझ्या दप्तरावर बसून अंडं घालायची ती. मामा आला त्या दिवशी शाळा अर्धी होती, मी दुपारी घरी आले तर काळी नाही. बाबा, तुम्ही म्हणालात, मुंगसाने नेली. मी माडांच्या बागेत पिसं शोधत फिरले. रात्री वडे-सागोती होती आणि मी चार वडे खाल्ले. रागावून लिहीत नाहीये. मला कळलं तेव्हा मी कॉलेजात होते, आणि कळून थोडं हसूही आलं होतं. पण आई, त्या रात्री तू ताट घेतलं नाहीस. "माझा शनिवार आहे" म्हणालीस. शनिवार तू त्याआधी कधी धरला नव्हतास आणि नंतरही नाही. शनिवारच्या बाजारचे बांगडे तर तूच तळायचीस. घरची कोंबडी शिजली की तुझा काही ना काही वार असायचा, हे मला आत्ता, चाळिशीत लक्षात आलं.

तर ठरलं आहे ते असं. कोंबडे खायचे, तिन्ही, पण एकदम नाही, आणि नातीला मुंगसाची गोष्ट सांगायची नाही. तिला काल सांगितलं. रडली, मग विचारलं, "दुखतं का?" मी म्हटलं, आजोबांचा हात चांगला आहे. ती खाणार नाही म्हणते. नको खाऊ दे. खुडूक मात्र अंडी बंद झाली तरी म्हातारी होईपर्यंत परसदारात राहणार. सासूबाई हसल्या, हसोत.

बाबा, आता तुमच्याशी कामाचं. इथे पाय धरायला सगळे तयार, सुरी धरायला कोणी नाही. सासरे होते तोवर ते बघायचे. तुम्हाला यावं लागेल. तुमची सुरी आणा, आमच्या सुरीने टोमॅटो कापताना घाम फुटतो. आणि मला शिकवा. खायचं आहे तर एकदा स्वतःच्या हाताने करावं असं वाटतं, जमलं नाही तर तुम्ही आहातच. आजाराचं विचाराल म्हणून सांगते. २०२२ मध्ये आमच्याच ठाणे जिल्ह्यात शहापूरकडे बर्ड फ्लू निघाला होता, तेव्हापासून मी जरा धास्तावलेली असते. मानमोडीची लस सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून दिली आहे, चौघंही टुणटुणीत आहेत. फक्त भुऱ्याला मागच्या आठवड्यात जंताचं औषध पाजलंय. बाटलीवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, म्हणून पहिला नंबर बंड्याचा. सासूबाई कुकर लावू देणार नाहीत. गावठीला चुलीवर वेळ द्यायचा म्हणतात, आणि चूल अजून परसदारात आहे.

आई, येताना वड्यांचं पीठ आण, इथलं मला जमत नाही. काळे वाटाणे मी आणून ठेवलेत, सांबारं वेगळं करीन. तुझं आणि नातीचं ताट शेजारी शेजारी मांडते. उपास सांगायची गरज नाही.

तुमची
ताई